मदरबोर्ड गेला म्हणतात, पण तो अजून आवाज देतोय

पत्र थोडक्यात असं आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातल्या ताई, वय ५३. १९ वर्षं घरीच डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईसाठी पानं जुळवायचं काम करतात. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, देवस्थानाच्या पावत्या. कॉम्प्युटर २०१२ साली घेतलेला, विंडोज सेव्हन, पेजमेकर, आणि मराठीसाठी श्रीलिपी, त्याचं डोंगल (ते सॉफ्टवेअर चालायला लागणारी किल्लीसारखी छोटी वस्तू) मागे लावलेलं. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी मशीन चालूच होत नाही, पंखा फिरतो, स्क्रीन काळी, आतून टूंऽ टूंऽ असा आवाज येत राहतो. दुपारी पाच-सहा वेळा बटण दाबल्यावर कधी तरी चालू होतं, तेव्हा एफ वन दाबा असं येतं आणि तारीख २०१२ ची दिसते. रिपेअरवाल्या मुलाने येऊन पाच मिनिटं बघितलं आणि मदरबोर्ड गेला, जुना मिळेल पण गॅरंटी नाही, नवीनच घ्या, ३५ हजारात बसवून देतो असं सांगितलं. पुण्यातला मुलगा म्हणतो तो डबा टाकून दे, लॅपटॉप घेऊ. मिस्टर म्हणतात, या वयात आता काम बंदच कर. ताई विचारतात, दुरुस्त करू की नवीन घेऊ? मीच सारखं चालू-बंद करून मदरबोर्ड घालवला का? मला यातलं काही कळत नाही, मी १०वी शिकलेली, कोणाचं ऐकू? आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ, हल्ली डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात.

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की निम्मं निदान तुम्हीच लिहून पाठवलंय. टूंऽ टूंऽ आवाज येतो, तारीख मागे जाते, एफ वन मागतो, सकाळी नाही दुपारी चालू होतं, पाऊस लागल्यापासून, हे सगळं तुम्ही टिपलंत. मला काही कळत नाही असं म्हणणारा माणूस एवढं टिपत नाही. पाच मिनिटांत निघून गेलेल्या मुलाने यातलं किती विचारलं होतं तुम्हाला?

तो आवाज घ्या आधी. कॉम्प्युटर सुरू होताना मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम, त्याला बायॉस म्हणतात, तो आधी सगळी हजेरी घेतो, रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरीची पट्टी) आहे का, स्क्रीनचं कार्ड आहे का, कीबोर्ड आहे का, आणि काही सापडलं नाही तर स्क्रीनवर लिहिता येत नाही म्हणून आवाज करून सांगतो. म्हणजे तो आवाज मदरबोर्डच काढतोय, आणि तो प्रोग्रॅम चालवायला प्रोसेसरही शुद्धीवर असावा लागतो. पूर्ण गेलेला बोर्ड गप्प असतो. लांब लांब, थांबून थांबून येणारा आवाज बऱ्याच बोर्डांवर रॅम सापडत नाही या अर्थाचा असतो. बोर्डात कुठे बिघाड नाहीच असं मी इथे बसून सांगू शकत नाही, पण पाच मिनिटांत तो गेला म्हणावं असं तुमच्या पत्रात काही नाही. आणि चालू-बंद केल्यामुळे घालवला का म्हणता तर नाही, तुम्ही घालवलेला नाही, ते मनातून काढून टाका.

दुरुस्तीकडे जायच्या आधी मात्र त्या शेवटच्या ओळीकडे, कारण ती मला सगळ्यात जास्त खटकली. डब्याला झिणझिण्या येतात म्हणजे बहुधा तुमच्या त्या प्लगला अर्थिंग मिळत नाहीये. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणारा आतला डबा, त्याच्या आत फिल्टर असतो, त्यातले छोटे कपॅसिटर अगदी थोडा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर सोडतात, अर्थिंग असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो आणि नसेल तर २३० च्या साधारण निम्मं व्होल्टेज पत्र्यावर बसून राहतं. त्या झिणझिण्यांनी माणूस सहसा दगावत नाही, पण उद्या आत खरंच वायर पत्र्याला टेकली तर तुम्हाला वाचवणारं काहीही नाही, हा त्याचा अर्थ, आणि पावसाळ्यात ओल आलेल्या फरशीवर अनवाणी बसून काम करत असाल तर जास्तच. तेव्हा मशीनला हात लावायच्या आधी इलेक्ट्रिशियन. त्याला मीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजायला लावा, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. काही जण बोर्डातच अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून देतात आणि झालं म्हणतात, ते अजिबात करू देऊ नका, न्यूट्रल कुठे तुटली तर सगळ्या डब्यात करंट उतरतो. घराला अर्थिंगचा खड्डाच नसेल, किंवा कोळसा-मीठ घातलेला जुना खड्डा कोरडा पडलेला असेल, तर तो खर्च करावा लागेल, आणि जमलं तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. हा खर्च कॉम्प्युटरसाठी नाही, घरातल्या माणसांसाठी आहे, मिस्टरांना तसंच सांगा.

आता तुमचा मूळ प्रश्न, दुरुस्त करू की नवीन घेऊ. या प्रश्नात एक गोष्ट धरून चाललीय की मशीन आणि तुमचं काम एकच आहे, मशीन गेलं की काम गेलं. तसं नाहीये ताई. १९ वर्षांचं काम हार्ड डिस्कमध्ये आहे, मदरबोर्डमध्ये त्यातलं अक्षरही नाही. उद्या बोर्ड खरंच जळाला तरी डिस्क काढून दुसरीकडे लावता येते. म्हणून आधी फायली वाचवायच्या, मग मशीनचं काय ते बघायचं. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो, मशीन दुरुस्तीला जातं, तो मुलगा विचारतो फॉरमॅट मारू का, आपण घाईत हो म्हणतो, आणि संध्याकाळी चकचकीत चालणारं रिकामं मशीन घरी येतं. कॉपी हातात पडेपर्यंत फॉरमॅट या शब्दाला तुमचं उत्तर नाही.

डिस्क काढायला विजेची गरजच नाही, प्लग काढलेला असताना चार स्क्रू आणि दोन केबल. ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायला साटा टू यूएसबी (डिस्क यूएसबीला जोडणारा) असा अडॅप्टर मिळतो, घेताना एवढंच बघा की त्याच्यासोबत वेगळा पॉवर अडॅप्टर आहे ना, कारण डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. लोक स्वस्तातली नुसती केबल आणतात, डिस्क दिसत नाही, आणि डिस्कच गेली म्हणून रडत बसतात. फोल्डर उघडताना परवानगी नाही असं आलं तर कंटिन्यू दाबायचं, थोडा वेळ लागतो पण उघडतं. आणि डिस्कमधून कट् कट् कट् असा ठोका ऐकू आला तर तिथेच बंद करा, पुन्हा पुन्हा लावून बघू नका, मग ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचंच, आणि ते महाग असतं.

इथे मला एक आमच्या घरचं सांगू द्या. सासूबाईंच्या तोंडून ऐकून जात्यावरच्या ६०-६५ ओव्या मी टाइप करून ठेवल्या होत्या, जुन्या मराठी फॉन्टमध्ये. मशीन बिघडलं, फायली सगळ्या नीट कॉपी करून घेतल्या, सासूबाई गेल्या त्या वर्षी ती फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं. फाइल होती, फॉन्ट नव्हता. दोन दिवस कपाटं उपसून फॉन्टची जुनी सीडी सापडली तेव्हा ओव्या परत दिसल्या, तोपर्यंत घरात कोणी माझ्याशी बोलत नव्हतं इतकी मी चिडचिड केली.

तुमचं तर सगळंच काम तसल्या फॉन्टमध्ये आहे. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, या सगळ्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये क खरं तर क म्हणून साठवलेला नसतो, कुठल्या तरी इंग्रजी अक्षराच्या जागी क चं चित्र बसवलेलं असतं, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. म्हणून फायलींसोबत सी ड्राइव्हमधल्या विंडोजमधलं फॉन्ट्सचं आख्खं फोल्डर कॉपी करा, श्रीलिपीची सीडी आणि डोंगल एका डब्यात ठेवून त्यावर नाव लिहा, आणि जी कामं पुन्हा पुन्हा लागतात, देवस्थानाची पावती, पतसंस्थेचा अहवाल, त्यांची मशीन चालू असेल तेव्हा पीडीएफ करून ठेवा. पीडीएफ करताना फॉन्ट आत घ्या असा पर्याय चालू ठेवला की ती कुठेही, मोबाइलवरसुद्धा, जशीच्या तशी दिसते. कॉपी दोन ठिकाणी हवी, एक घरी, एक मुलाकडे पुण्याला. पेन ड्राइव्हवर एकट्यावर विसंबू नका, ते हरवतातही आणि मरतातही.

हे झालं की मग डबा उघडा, तुम्ही स्वतः. हो, तुम्हीच. पत्रिकेत गणपतीचं चित्र आणि मजकूर यांच्यात किती जागा सोडायची हे डोळ्याने ठरवणाऱ्या बाईला दोन क्लिपांमधून एक पट्टी काढता येणार नाही हे मला पटत नाही. अर्थिंगचं काम झालेलं असलं तरी प्लग काढा, बटण ऑफ करून भागत नाही, प्लगच काढा, मग पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. बाजूचा पत्रा काढा आणि काहीही हलवायच्या आधी मोबाइलवर दोन-चार फोटो काढा, कुठली वायर कुठे होती ते नंतर आठवत नाही. धूळ असेलच, ती रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. कोपऱ्यात मुंग्यांची माती किंवा पालीची अंडी सापडली तर नवल मानू नका, ऊबदार जागा असते ती. आत हात घालायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला एकदा हात लावा, अंगातली स्थिर वीज निघून जाते.

रॅम म्हणजे बोटभर रुंद, वीतभरापेक्षा थोडी कमी लांब हिरवी पट्टी, दोन्ही टोकांना पांढऱ्या क्लिपा. क्लिपा बाहेर ढकलल्या की पट्टी आपोआप वर येते. कडेला धरा. खालच्या कडेला सोनेरी दात दिसतील, तुमच्या २०१२ च्या मशीनमध्ये बहुतेक डीडीआर थ्री असणार, तिला दोन्ही बाजू मिळून २४० दात असतात. खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धरून बघा, सोनं चमकायला हवं, तुमचं बहुधा पितळेच्या जुन्या तांब्यासारखं मंद, कुठे काळपट ठिपके असं दिसेल. पावसाळ्यातली दमट हवा आणि धूळ मिळून हा थर बसतो, दुपारपर्यंत मशीनच्या आतल्या उबेने आणि तुमच्या सारख्या बटण दाबण्याने कधी तरी संपर्क लागतो आणि ते सुरू होतं, तुमच्या सकाळ-दुपारच्या कोड्याचं उत्तर मला तरी हेच वाटतं. शाळेतला साधा पांढरा खोडरबर घ्या, शाईचा खरखरीत नको, आणि त्या दातांवर हलक्या हाताने, आतून बाहेर अशा एकाच दिशेने घासा. रबरावर काळे पट्टे उठतील. दात उजळले की रबराचा चुरा मऊ कोरड्या कापडाने नीट पुसा, बोर्डवर पट्टी बसते त्या खाचेत एक कणही जाता कामा नये, मग पट्टीतली खाच जुळवून दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबा, दोन्हीकडून खट् असा आवाज आला पाहिजे, एकीकडूनच आला तर ती बसलेली नाही. दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावून बघा, मग दुसरी, मग खाच बदलून.

एवढ्याने स्क्रीन आली नाही तर एक परीक्षा आहे, रॅम पूर्ण काढून मशीन चालू करायचं. आवाज आला तर बोर्ड आणि प्रोसेसर दोघं जिवंत आहेत, आणि संशय रॅमवर, तिच्या खाचेवर किंवा वीजपुरवठ्यावर.

तारीख मागे जाते त्याचा मदरबोर्ड जाण्याशी बहुधा काही संबंध नाही, तो बोर्डवरच्या गोल सेलचा प्रश्न आहे. सीआर २०३२, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानात पन्नासेक रुपयांत मिळतो, १४ वर्षांत तो एकदाही बदलला नसेल तर त्याने खूप साथ दिली म्हणायची. अधिकची बाजू वर ठेवून बसवा. पण ताई, एक अडचण इथे येऊ शकते आणि ती कोणी सांगत नाही म्हणून सांगते. सेल काढला की बोर्डची सेटिंग कारखान्यातून आली तशी होते, त्यात साटा मोड म्हणून एक असतं, आयडीई किंवा एएचसीआय, ते बदललं तर विंडोज सेव्हन निळी स्क्रीन दाखवून पुन्हा पुन्हा सुरू होत राहतं. तेव्हा विंडोज उडालं म्हणून फॉरमॅटकडे धावू नका, बायॉसच्या सेटअपमध्ये जाऊन ते एक दुसऱ्यावर करून बघा. त्याच वेळी तारीख-वेळही लावा, बँकेच्या साइटवर सुरक्षित नाही असं येत असेल तर तेही बहुधा त्याने थांबेल, कारण चुकीच्या तारखेला साइटचं सर्टिफिकेट जुळत नाही.

एसएमपीएस मात्र उघडायचा नाही, कोणीही सांगितलं तरी. प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ जोरदार चार्ज असतो. तो नीट आहे का हे बघायला दुसरा लावून बघतात, किंवा पिवळ्या वायरवर मोजतात, ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मध्ये हवं. आणि बोर्डवर उभे छोटे डबे दिसतात ते कपॅसिटर, त्यांचं डोकं सपाट हवं, फुगलेलं किंवा वर तपकिरी ओघळ असेल तर त्याचा फोटो काढा, टीव्ही दुरुस्त करणारा चांगला कारागीर ते बदलून देतो, सगळा बोर्ड टाकावा लागत नाही.

आता त्या रिपेअरवाल्या मुलाबद्दल. तो तुम्हाला फसवत होता असं मी धरून चालत नाही. त्याच्या बाजूने बघा, अर्धा तास आवाज ऐकत, रॅम घासत बसला तर त्याला आपण देतो काय? शंभर रुपये आणि चहा. नवीन मशीन विकलं तर चार पैसे सुटतात. म्हणून शोधायच्या कामाचे पैसे आधीच कबूल करा, सांगा की बघायचे पाचशे देते, पार्ट लागला नाही तरी देते, पण माझ्यासमोर बघ. मग विचारा की मदरबोर्ड गेला हे कशावरून, दुसरी रॅम लावून बघितलीस का, दुसरा एसएमपीएस लावलास का. आणि काढलेला पार्ट परत माझ्याकडे. चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खुलतो. मशीन दुकानात ठेवायचीच वेळ आली तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवा, बोर्ड तपासायला तिची गरज लागत नाही.

मुलगा म्हणतो टाकून दे. तुम्हाला ते लागलंय हे पत्रात दिसतं. पण एका बाबतीत तो खरा आहे, विंडोज सेव्हनचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला, त्याला इंटरनेट लावून बँकेचं काम करणं धोक्याचं आहे. त्याला जे दिसत नाही ते असं की नवीन लॅपटॉप आणला की तुमचं काम तिथे जसंच्या तसं चालणार नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, ती २००१ सालची. विंडोज इलेव्हन फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यावर ३२ बिटचा जुना डोंगलचा ड्रायव्हर चालत नाही. म्हणजे ३५ हजार घालून प्रश्नपत्रिका अडकलेल्याच. त्याला भांडून नाही, नेमकं काम देऊन सांगा, गणपतीला येशील तेव्हा तो साटाचा अडॅप्टर आणि १ टीबीची डिस्क घेऊन ये आणि आपण दोघं बसून कॉपी करू. घरच्या मुलांना आईचं काम किती आहे ते फोल्डर बघूनच कळतं, २००७ पासूनच्या तारखा एकाखाली एक दिसतात ना तेव्हा.

मला विचाराल तर, रॅम आणि सेलवर भागलं तर जुनं मशीन ठेवा, इंटरनेट काढून टाका, ते फक्त डीटीपीचं मशीन. रोज तासभर चालू ठेवा, पावसाळ्यात तर नक्की, आतली ओल उडते. बोर्ड खरंच गेलेला निघाला तर त्याच जातीचा जुना बोर्ड शोधा, आहे तोच प्रोसेसर, तीच रॅम, पण त्यावर चार-पाच हजारांच्या वर घालू नका. आणि वर्षभरात सावकाश एक दुसरं घ्या, सेकंडहॅंड चालेल, पण इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा बघून, नाहीतर विंडोज इलेव्हन अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज टेनचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. त्यावर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखंच वाचता येणाऱ्या पद्धतीत, मराठी सुरू करा, लोक आता व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवतात तो युनिकोडच असतो, तो पुन्हा टाइप करण्यात तुमचे किती तास जातात ते तुम्हालाच माहीत. काम बंद करायचं की नाही हे तुमच्या मनावर, पण ते बिघडलेल्या रॅमवरून ठरवू नका एवढी मिस्टरांनाही माझी विनंती.

सहामाहीच्या प्रश्नपत्रिका तोंडावर आल्यात असं तुम्ही लिहिलंय. तोपर्यंत यातलं काही जमलं नाही तर तालुक्याला एखाद्या डीटीपीवाल्या मैत्रिणीकडे श्रीलिपी असेलच, तिच्या मशीनवर बसून तेवढं काम करून द्या. जाताना तुमच्या फायली आणि फॉन्टचं फोल्डर दोन्ही घेऊन जा. आणि खोडरबरने घासल्यावर काय झालं ते मला कळवा, आवाज बदलला असेल तर किती लांब आणि किती आखूड ते मोजून लिहा.